नोरीनच्या पिस्तुलावरची उंच माशी

नोरीन कुचेरा साठीला टेकली तेव्हा पिस्तूल चालवायला शिकली. हौस म्हणून नव्हे. नवऱ्याला सकाळी अंथरुणातून उठायला काहीतरी कारण हवं होतं, आणि तिला दुसरं काही सुचलं नाही.

त्याआधी बंदुकीशी तिचा संबंध एवढाच, की घरामागच्या शेडमधला तेलाचा वास माइलोच्या शर्टाला चिकटून घरात यायचा आणि ती तो शर्ट वेगळा धुवायची. माइलो बंदुका दुरुस्त करायचा. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला लॉसन हे गाव. धान्याचं कोठार, चर्च आणि पेट्रोलपंप मागे पडला की गाव संपलं. पण माइलोच्या शेडपुढे आजूबाजूच्या काउंट्यांतल्या गाड्या उभ्या असायच्या. कुणाच्या आजोबांची शॉटगन, कुणाची हरणाच्या शिकारीची रायफल. नोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात होती. दर गुरुवारी राजम्याची झणझणीत चिली आणि तिच्यासोबत दालचिनीचे गोड रोल. गावातली दोन पिढ्यांची पोरं तिच्या हातचं खाऊन मोठी झालेली. "तूही शीक की नेमबाजी," असं कुणी म्हटलं तर ती म्हणायची, "एका घरात एक वेडा पुरे. दोन झाले तर भांडी कोण घासणार?"

मग एका गव्हाच्या कापणीत, भाऊ लेनर्डच्या कंबाइनचा पट्टा बसवता बसवता माइलो जमिनीवर बसला आणि त्याला उठता येईना. अर्धांगाचा झटका होता. इस्पितळातून तो घरी आला तेव्हा कापणी केव्हाच संपली होती आणि झाडांची पानं पिवळी पडायला लागली होती. काठीच्या आधाराने उजवा पाय ओढत तो चालायचा. उजवा हात मांडीवर ठेवलेला असायचा, जणू कुणी दुसऱ्याने क्षणभर सांभाळायला दिलाय. आणि बोलणं गेलं होतं. कळायचं सगळं. डोक्यात आख्खं वाक्य तयार असायचं, पण तोंडाशी येईपर्यंत त्यातला एखादाच शब्द उरायचा. 'नाही', 'परत', 'कॉफी' एवढे धड यायचे. आणखी एक यायचा, अगदी स्वच्छ, ठणठणीत. पण तो उच्चारल्याबद्दल लहानपणी आईने त्याचं तोंड साबणाने धुतलं होतं.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी नोरीनला बाजूला घेतलं होतं. म्हणाल्या, "मिसेस कुचेरा, अशा माणसांना पहिला हिवाळा जड जातो. हातात कसब असलेल्या माणसांना जास्तच. घरात बंदुका असतील तर काही दिवस दुसरीकडे ठेवा."

बाई काय सुचवतायत ते नोरीनला कळलं. माइलोला व्यायामाला नेलेलं असताना लेनर्डने आपली पिकअप शेडला लावली आणि एकूण एक बंदूक स्वतःच्या लोखंडी कपाटात नेऊन कुलूपबंद केली. संध्याकाळी माइलो काठी टेकत शेडमध्ये गेला. रिकाम्या खुंट्यांकडे पाहत बराच वेळ उभा राहिला. मग दारात उभ्या असलेल्या बायकोकडे वळला.

"चोर," तो म्हणाला.

झटक्यानंतरचा नवा शब्द. नोरीनने नाही म्हटलं नाही, रडलीही नाही. घरात जाऊन दोन वेळचं पीठ एकदम मळलं. लेनर्डला फोनवर एवढंच म्हणाली, "शिव्या मला देऊ दे त्याला. तू किल्ली सांभाळ."

तो हिवाळा खरंच जड गेला. माइलो खिडकीशी बसायचा. टीव्हीवर हवामान लावून आवाज बंद करायचा. हाताच्या व्यायामासाठी दिलेला मातीचा गोळा त्याने एकदा भिंतीवर फेकून मारला; बोटांच्या व्यायामाच्या कपड्यांच्या चिमट्यांचा डबा कुत्र्यापुढे ठेवला. ओमाहाहून मुलीचा, टेसाचा फोन आला की हात हलवून नाही म्हणायचा. दुपार होईपर्यंत उठायचाच नाही.

नोरीन पोळपाटासारख्या मोठ्या लाकडी फळीवर रोल लाटता लाटता विचार करायची. या माणसाला काय सहन होत नाही? उत्तर तिला ठाऊक होतं. संसाराच्या इतक्या वर्षांत त्याने तिला एक खिळा सरळ ठोकू दिला नव्हता. ती चुकीचा हातोडा उचलते तोच तो उठून यायचा. दुसऱ्याच्या हातून काम बिघडताना पाहणं त्याच्या जिवावर यायचं. मग आपणच काहीतरी बिघडवायचं, त्याच्या डोळ्यांदेखत.

डॉक्टरीणबाईंना विचारून, लेनर्डला पटवून तिने नाइन एमएमचं एक पिस्तूल घेतलं. अट एकच, ते लेनर्डच्या कपाटात राहणार, शनिवारी ती स्वतः घेणार आणि स्वतः परत नेणार. निवडायला मदत केली व्हर्न हिन्रिक्सने. व्हर्नचं गुराढोरांच्या खाद्याचं दुकान होतं, आणि गावाबाहेरच्या नेमबाजीच्या क्लबात तो सामने भरवायचा. भला माणूस, पण बोलायला लागला की थांबणं नाही.

"हे घे," तो म्हणाला, "वर लाल ठिपका असलेलं. तुझ्या वयाला आता माशी दिसायची नाही."

"माझ्या वयाला काय झालंय?"

"चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधत होतीस मघाशी. तेच झालंय."

जुन्या पद्धतीत पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला माशी आणि मागे खाच असते. खाचेतून माशी बघायची, माशी निशाणावर आणायची, मग चाप ओढायचा. त्यासाठी हातभरावरची माशी स्पष्ट दिसावी लागते, आणि पन्नाशीनंतर नेमकं तेच अवघड होतं. लाल ठिपक्याचं तसं नाही. पिस्तुलावर बोटभर उंचीची काच असते, तिच्यात एक ठिपका चमकतो. नजर निशाणावरच ठेवायची. ठिपका जिथे, गोळी तिथे. नोरीनला ते ऐकून पेटी वाजवण्यापेक्षा सोपं वाटलं.

पहिल्या शनिवारी क्लबात वारा असा होता की टोप्या उडत होत्या. माइलोला गाडीतून उतरवायला लेनर्डला गोडीगुलाबी, धमक्या सगळं करावं लागलं. शेवटी तो मागे घडीच्या खुर्चीत घोंगडी पांघरून, कानांवर आवाज अडवणारे डबे चढवून बसला. तोंड आंबट.

नोरीनने ठरवलं होतं की मुद्दाम चुका करायच्या. मुद्दाम करायची वेळच आली नाही. तिने पिस्तूल वर केलं आणि काचेत काहीच नव्हतं. मनगट वाकवलं, खाली केलं, डावीकडे फिरवलं. पलंगाखाली मांजर शोधावं तशी ती ठिपका शोधत होती. सापडला तेव्हा तिने घाईने चाप ओढला आणि गोळी मातीच्या बांधात कुठेतरी गेली.

"नाही," मागून आवाज आला.

दुसरी गोळी. "नाही. नाही!"

तिसऱ्या गोळीआधी खुर्ची करकरली. माइलो कुणाचा हात न धरता उठला होता. काठी टेकत तो आला, डाव्या हाताने तिचं कोपर सरळ केलं, मान दाबून खाली केली. मग व्हर्नने पिस्तूल रिकामं करून त्याच्यापुढे धरलं. माइलोने मागच्या बाजूने, काचेतून पाहिलं. कारखान्यातून आलेली माशी आणि खाच बुटकी होती. काचेच्या चौकटीआड पार लपून गेली होती.

"माशी," तो म्हणाला. ओठ थरथरले, पण शब्द आला. "माशी?"

"लागत नाही रे आता, माइलो," व्हर्न म्हणाला. "तो जमाना गेला. ठिपका आहे ना! मी तर माझी काढूनच टाकली. काच कशी मोकळी दिसते!"

यावर माइलोने साबणाचा शब्द वापरला. इतका खणखणीत, की शेजारी गोळ्या भरणारे दोघं खो खो हसले. आणि नोरीनने पाहिलं, माइलोच्या तोंडाची धड राहिलेली डावी बाजू किंचित वर गेली होती.

त्या संध्याकाळी त्याने टीव्ही लावला नाही. पावाच्या कागदी पिशवीवर डाव्या हाताने, पेन्सिल मुठीत धरून, वाकडंतिकडं चित्र काढलं. काच, काचेत खालच्या बाजूने डोकावणारी उंच माशी, आणि माशीच्या डोक्यावर ठिपका. "उंच," तो म्हणाला. "उंच."

उंच माशी आणि उंच खाचेचा जोड मागवला तेव्हा व्हर्न म्हणाला, "आण इकडे. माझ्याकडे बसवायचं यंत्र आहे. कॉफी गार व्हायच्या आत देतो."

"नको. माझ्याकडे माणूस आहे."

व्हर्नने आवाज खाली आणला. "नोरीन, अगं त्याचा उजवा हात..."

"डावा आहे ना."

लेनर्डने पिस्तुलाचा फक्त वरचा सरकता भाग, स्लाइड, काढून दिला. तेवढ्याने गोळी उडत नाही. तो घरी न्यायला कुणाची हरकत नव्हती. शेडमधला हीटर कित्येक महिन्यांनी लागला. नोरीनने चामड्याचे तुकडे लावून स्लाइड शेगड्यात, टेबलाला जोडलेल्या लोखंडी पकडीत, आवळली, माइलोने बोट दाखवलं तिथे ठोकायची पितळेची कांडी, पंच, धरला. त्याने डाव्या हाताने हातोडी उगारली.

हातोडी तिच्या अंगठ्यावर बसली.

नोरीन ओरडली. माइलोचा चेहरा पांढरा पडला. हातोडी टाकून तो बाहेर गेला, घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवशीही शेडकडे फिरकला नाही. नोरीनने नख काळंनिळं झालेला अंगठा बांधला, शाळेत दीडशे पोरांची चिली ढवळली, घरी आली आणि पलंगाशी उभी राहिली.

"माझा अंगठा आहे, बरा होईल. पण काम अर्धवट टाकून पळालास तर चोर तू. ऐकू येतंय? तू!"

मग पांघरूण हललं. "बूट," माइलो म्हणाला. तिने बूट दिले.

यानंतर तिने पंच पक्कडीत धरला. जुनी माशी निघाली, जुनी खाच निघाली. पण नवीन खाचेचं बूड स्लाइडमधल्या गाळ्यापेक्षा केसभर रुंद होतं. असं येतंच, ज्याने त्याने आपल्या पिस्तुलाच्या मापाने घासून घ्यायचं असतं. पूर्वी माइलो ते बोलता बोलता करायचा. आता कानशीचे दोन हात मारायचे, बसवून पाहायचं, काढायचं, पुन्हा दोन हात. डावा हात भरकटायचा. एकदा वैतागून त्याने उजवा हात उचलून कानशीच्या टोकावर ठेवला, नुसतं वजन म्हणून, कागदावर दगड ठेवतात तसा. कानस सरळ चालली. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं.

बर्फ पडला, वितळला, परत पडला. रोज जेवण झाल्यावर तो स्वतःहून शेडमध्ये जाऊ लागला. व्यायामाच्या बाईने त्याचा उजवा हात चाचपला आणि विचारलं, "बोटांत जोर आलाय. घरी काय करता तुम्ही?"

"माशी घासतो," नोरीन म्हणाली.

बाईला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

ज्या दिवशी खाच गाळ्यात हातोडीच्या हलक्या टोल्यांनी तिळातिळाने सरकत मधोमध येऊन घट्ट बसली, त्या दिवशी माइलोने तिच्यावरून अंगठा फिरवला, परत फिरवला, आणि "कॉफी" मागितली. नोरीनने कॉफीबरोबर जर्दाळू भरलेली कोलाची दिली. त्याच्या आईच्या पद्धतीची ही गोड पावाची वाटी त्याला एरवी फक्त नाताळात मिळायची.

पण बसवणं म्हणजे अर्धंच काम. क्लबात त्याने पहिल्यांदा ठिपका बंद करायला लावला. नुसत्या माशीने नोरीनच्या गोळ्या निशाणाच्या खाली बसल्या. सगळ्या खाली, पण एकमेकींजवळ.

"खाली जातायत!" ती कुरकुरली.

माइलोने माशीकडे बोट दाखवलं आणि दोन बोटांत चिमूट करून दाखवली. माशी जास्त उंच होती. पुढची माशी उंच असेल तर नळी खाली झुकते. तो कणकण घासत गेला, नोरीन गोळ्या मारत गेली, आणि दोन शनिवारांनी गोळ्या मधे आल्या. मग त्याने ठिपका चालू करून तो निशाणाशी वेगळा जुळवायला लावला. माशीला माशीचं, ठिपक्याला ठिपक्याचं; एकाच्या भरवशावर दुसऱ्याला सोडायचं नाही, हे त्याला बोलता येत नव्हतं, पण त्याने तिला ते करायलाच लावलं.

तरीही माशी तिला धूसरच दिसायची, धुक्यातल्या खुंटीसारखी. त्यावर उपाय माइलोनेच काढला. टेसाच्या जुन्या खोलीतून नारिंगी नेलपॉलिशची बाटली आणली आणि माशीच्या तोंडाला दोन हात लावले. आता नोरीनने पिस्तूल वर आणलं की आधी नारिंगी खुंटी उगवायची आणि तिच्या डोक्यावर ठिपका बसलेला असायचा. त्याला शोधत फिरणं संपलं.

दर शनिवारी शेवटच्या मॅगझिनभर गोळ्यांना ठिपका बंद. हा माइलोचा नियम.

"अरे, मला माशी नीट दिसत नाही म्हणूनच ठिपका घेतला ना! मग हा छळ कशाला?"

"परत."

"माझे हात भरून आलेत."

"परत."

व्हर्नला हे बघून चेव यायचा. "नोरीन, ट्रॅक्टर घेतलास आणि मागे घोडा बांधून ठेवलास! काच बघ कशी गजबजलीये."

"घोड्याला चारा मी घालते. तुला का भूक लागलीये?"

एप्रिलमध्ये क्लबाचा सामना होता. भिंतीवरच्या जाहिरातीवर माइलोने काठीचं टोक आपटलं. नोरीनने ऐकलं नाही असं दाखवलं. त्याने परत आपटलं, आणि जाहिरात खाली पडेपर्यंत आपटत राहिला.

सामन्याच्या सकाळी आभाळ शिशासारखं होतं. दहाच्या सुमारास ओलं बर्फ पडायला लागलं. नेब्रास्कात त्यासाठी सामना रद्द करायचा म्हटलं तर वर्षात एकही सामना होणार नाही. लोक गाड्यांच्या वर उचललेल्या मागच्या दारांखाली उभं राहून पिस्तुलांच्या काचा पुसत होते. एका मैदानात लाकडी भिंती, खिडक्या आणि पलीकडे पुठ्ठ्याची व लोखंडी निशाणं मांडलेली. पुठ्ठ्याला दोन गोळ्या, लोखंड पाडायचं, आणि सगळ्याचा वेळ मोजायचा.

व्हर्न तिच्या आधी उतरला. जोरात सुरुवात केली, आणि अर्ध्यात अडखळला. बर्फाचं पाणी काचेच्या बुडाशी, जिथून ठिपक्याचा प्रकाश निघतो त्या खळग्यात साचलं होतं. ठिपका फुटून काचभर लाल धुकं पसरलं. व्हर्नने अंदाजाने चारदोन गोळ्या झाडल्या. दोन लोखंडी पाट्या तशाच उभ्या राहिल्या. तो मान हलवत परतला.

नोरीनचं नाव पुकारलं. मागे दोरीपलीकडे माइलो उभा होता. खुर्ची होती, पण तो बसला नव्हता. पंचाने विचारलं, "तयार?" आणि भोंगा वाजला.

पहिली खिडकी नीट गेली. लाल ठिपका, गोळी, गोळी. दुसऱ्या भिंतीला वळसा घालताना वाऱ्याचा झोत समोरून आला, बर्फाचे गोळे थेट पिस्तुलावर. तिने हात वर केले आणि ठिपका नव्हता. लाल धुकंही नाही. नुसतीच ओली काच. पहिला विचार आला, मीच वाकडं धरलंय. मनगट वाकवून शोधायची जुनी सवय उसळली. तिने मागून आवाजाची वाट पाहिली. 'नाही' येईल, 'माशी' येईल.

काहीच आलं नाही. सामना चालू असताना बाहेरून सांगायची परवानगी नव्हती. पण माइलोने नंतर जे हातवारे केले त्यावरून नोरीनला कळलं, की परवानगी असती तरी तो बोलला नसता.

तिने हात होते तिथेच स्थिर धरले. काचेत खालून, पाण्याच्या ओघळामागून, नारिंगी खुंटी वर आली. खाचेत बसली. नोरीनने श्वास सोडला आणि हळू चाप ओढला. लोखंड ठण्‌ करून पडलं. दुसरी पाटी हुकली. "परत," ती स्वतःशीच पुटपुटली, आणि पाडली. मग तिसरी. मग खिडकीतले पुठ्ठे, प्रत्येकी दोन, जराही घाई न करता, पिठाचे गोळे मोजून ठेवावे तसे. वेळ भयंकर लागला. पंचाने आकडा वाचला तेव्हा कुणीतरी मागे शीळ घातली. पण मैदानात एकही निशाण उभं नव्हतं.

नंबर खालून कितवा आला हे तिने बघितलंसुद्धा नाही. ती दोरीपाशी गेली. माइलोने डाव्या हाताने तिच्या टोपीवरचं बर्फ झटकलं. डोळे भरले होते, वाऱ्याने किंवा कशाने.

व्हर्न तेवढ्यात आलाच. "नोरीन, कासवसुद्धा तुझ्या आधी घरी पोचलं असतं."

"पोचलं असतं. तुझ्या दोन पाट्या मात्र अजून उभ्याच आहेत, बघून ये."

व्हर्न हसला, मग हसू आवरून माइलोकडे वळला. "माझं पिस्तूल बघशील का रे? काढून टाकलेली माशी सापडत नाहीये, नवी घ्यावी लागेल."

माइलोने भुवया उंचावल्या. "उंच?"

"उंच, बाबा, उंच. म्हणशील तेवढी."

व्हर्नच्या पिस्तुलाची स्लाइड आली. मग त्याच्या जावयाची. मग शेजारच्या काउंटीतल्या एका शेरीफच्या माणसाची. नोरीनने शेडच्या दारावर पाटी लावली: फक्त वरचा भाग आणा, बाकी घरी ठेवा. काम हळू चालायचं आणि लोकांना ते चालत होतं. गिऱ्हाइकांशी भांडता भांडता माइलोचे शब्द वाढले. काही कामं मात्र त्याला जमेनात. रायफलीच्या लाकडी दस्त्याचं बारीक कोरीवकाम गेलं ते गेलंच. असे दिवस आले की तो परत खिडकीशी बसे आणि नोरीन शेजारी बसून बटाटे सोली. पण दुसऱ्या दिवशी शेडपुढे कुणीतरी हॉर्न वाजवायचं, आणि त्याला उठावं लागायचं.

जुलैमध्ये लेनर्डकडे कापणीचं जेवण होतं. लेनर्डने भावाला हळूच विचारलं, "कपाट उघडू का? तुझ्या आहेत त्या." माइलोने ताटाकडे पाहिलं. मग टेबलाच्या पलीकडे मक्याची कणसं वाढणाऱ्या नोरीनकडे.

"राहू दे," तो म्हणाला. "बरं केलं तिने."

एवढं लांब वाक्य झटक्यानंतर पहिल्यांदाच आलं होतं. नोरीन कणसांची परात तशीच घेऊन आत निघून गेली आणि बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल होतं.

सप्टेंबरपासून क्लबाने तिला बायकांचा वर्ग घ्यायला सांगितलं. शेतावरच्या, बँकेतल्या, एक तर पाद्रीणबाई. नोरीन शिकवायची आणि माइलो खुर्चीतून "कोपर" म्हणायचा. पाद्रीणबाईंनी विचारलं, "एवढा छान ठिपका असताना तो बंद का करायचा?"

"चालू असतो तोवर छानच आहे," नोरीन म्हणाली. "बंद पडेल त्या दिवशी माशी नवीन वाटू नये, म्हणून. चला, बंद करा."

अशाच एका शनिवारी, वर्ग संपत असताना, माइलो खुर्चीतून उठला आणि हात पुढे केला. डावा. नोरीनने लेनर्डकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंशी दोघांचं आधीच बोलणं झालं होतं. उन्हाळ्यातलं त्याचं काम बघून बाईंनी, तुम्ही शेजारी असाल तर हरकत नाही, असं सांगितलं होतं. लेनर्डने मान हलवली. तिने माइलोच्या मुठीत पिस्तूल दिलं आणि त्याच्या पाठीला आपला खांदा टेकून उभी राहिली, तोल जाऊ नये म्हणून.

जन्मभर उजव्या हाताने, उजव्या डोळ्याने नेम धरलेला माणूस. पहिली गोळी बांधात, दुसरी त्याहून वर. धूळ उडाली. तिसरी कुठे गेली ते देवाला ठाऊक. त्याने पिस्तूल थोडं खाली घेतलं, काचेत पाहिलं, ते डाव्या डोळ्यासमोर सरकवलं. चौथ्या गोळीला लांबची लोखंडी पाटी ठण्‌ वाजली.

बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. व्हर्नने टोपी उडवली. माइलो मान वळवून त्यांच्यावर खेकसला.

"थांबा की! अजून आहेत गोळ्या."

आणि तो परत पाटीकडे वळला.